मसाल्याला आच, फळाला नाही

मासा आणि पिकलेलं फळ एकाच ताटलीत म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठी पडते. कैरी घातलेलं कोलंबीचं कालवण चालतं, बांगड्याच्या तिखल्यात आमसुलं लागतातच, गोव्यात हुमणात बिंबलं पडतात. मग गोडसर आंब्याच्या फोडींनीच काय घोडं मारलंय? माशाला आंबटाची सोबत हवी, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. फ्लोरिडात आणि कॅरिबियन बेटांवर मसाला लावून भाजलेल्या पांढऱ्या माशावर आंब्याचा किंवा अननसाचा कच्चा साल्सा घालतात, तोही त्याच गरजेतून. फरक एका ठिकाणी आहे. आपलं आंबट माशाबरोबर रश्शात शिजतं, तिथलं आंबट-गोड चुलीजवळ जातच नाही. मसाल्याला कडक आच, माशाला मोजकी आणि फळाला अजिबात नाही, अशी तिघांची वागणूक वेगळी ठेवली की हा पदार्थ साधतो. बिघडतो तेव्हा यातल्याच कुठेतरी गफलत झालेली असते.

साल्साच्या पूर्वज म्हणाव्यात अशा, मिरची वाटून केलेल्या ओल्या चटण्या मेक्सिकोत फार जुन्या. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने तिथल्या अ‍ॅझटेक लोकांच्या जीवनाची तपशीलवार नोंद करून ठेवली. मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया वाटून केलेली कालवणं बाजारात विकणाऱ्यांचं वर्णन त्यात आहे. आंबा मात्र त्या भूमीवर नव्हता. तो आशियातून गेला. फिलिपिन्सहून अकापुल्को बंदरात येणाऱ्या स्पॅनिश गलबतांच्या मार्गाने तो मेक्सिकोत पोचला, आणि तिथल्या एका जातीला आजही ‘मनिला’ म्हणतात. उलट दिशेने मिरची, टोमॅटो, अननस, पपई आणि पेरू आपल्याकडे आले. आज मेक्सिकोतले फेरीवाले आंबा, अननस, कलिंगड कापून त्यावर तिखट, मीठ आणि लिंबू घालून विकतात. आपल्या शाळांबाहेर कैरी आणि पेरू विकणाऱ्या बायका हेच करत आल्या आहेत.

फ्लोरिडाचा आंबा तर थेट आपल्या देशाचा वंशज आहे. १८८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतातून कलमी झाडं मागवली. पुढे कडाक्याच्या थंडीत बाकीची गेली, ‘मुलगोबा’ जातीचं झाड तगलं. कॅप्टन जॉन हेडन यांनी १९०२ मध्ये मायामीजवळच्या कोकोनट ग्रोव्हला मुलगोबाच्या बाठी रुजवल्या. ते लवकरच वारले. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी ती रोपं जोपासली आणि १९१० मध्ये त्यांतल्या एकाला देखणं, लालसर फळ धरलं. तो ‘हेडन’ आंबा. आज अमेरिका-युरोपच्या दुकानांत सर्रास दिसणारा ‘टॉमी अ‍ॅटकिन्स’ हा हेडनच्याच बाठीतून आलेला. त्याला हापूसचा सुगंध नाही, थोडे धागेही असतात. पण गर घट्ट असतो, दूरचा प्रवास सोसतो आणि सुरीने कापला की फोडीची धार टिकते. आंब्याचा साल्सा तिथेच का बहरला, याचं एक कारण मला या घट्ट गरात दिसतं. हापूसच्या मुलखात तो सुचणं कठीण होतं. हापूस हातात आला की तो चोखायचा किंवा त्याचा रस काढायचा.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मायामीत नॉर्मन व्हॅन एकेन, अ‍ॅलन सस्सर, मार्क मिलिटेलो, डग्लस रॉड्रिग्ज या बल्लवाचार्यांची एक फळी पुढे आली. तिला ‘मँगो गँग’ असं नाव पडलं. फ्रेंच धाटणीच्या लोणी-मलईच्या सॉसऐवजी त्यांनी परसातली फळं, क्युबा-हैती-जमैकाचे मसाले आणि जवळच्या पाण्यातला मासा एकत्र आणला. मसाल्याचा मासा आणि वर आंब्याचा साल्सा ही जोडी हॉटेलांच्या पानावर रुळली ती या काळात.

आता मासा. पांढरा मासा पांढरा का असतो, हे कळलं की तो कसा शिजवायचा ते आपोआप कळतं. माशाच्या अंगात दोन प्रकारचे स्नायू असतात. सतत, संथ पोहत राहण्यासाठी लागणाऱ्या स्नायूंना प्राणवायूचा अखंड पुरवठा लागतो. तो साठवणाऱ्या मायोग्लोबिनमुळे ते तांबूस दिसतात. अचानक झेप घेण्यासाठी लागणारे स्नायू पांढरे. बांगडा, तारली, कुपा हे दिवसभर पोहणारे मासे, म्हणून त्यांचं मांस गडद आणि तेलकट. तांबोशी, गोब्रा, जिताडा हे दबा धरून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालायचे. त्यांचं मांस पांढरं, बहुतेक वेळा कमी चरबीचं आणि चवीला सौम्य. फ्लोरिडात साल्साखाली असतो तो बहुधा तांबोशीचा किंवा गोब्र्याचा भाऊबंद. आपल्याकडे याच दोघांच्या जाड तुकड्या सगळ्यांत उत्तम. घोळ चालते, जिताडा तर फारच छान लागतो. पापलेट पांढरं असलं तरी त्याला स्वतःची अशी गोडसर चव आणि चरबी आहे, मसाल्याखाली ती झाकू नये असं मला वाटतं. सुरमईही चालेल, पण ती लवकर कोरडी पडते. गोठवलेला बासा वापरायचा तर तो पूर्ण निथळून, फडक्याने टिपून मगच मसाल्याला हात घालावा.

माशाच्या मांसात जमिनीवरच्या जनावरांच्या तुलनेत चिवट जोडऊती फारच थोडी असते, आणि जी असते ती पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसच्या आसपासच विरघळते. म्हणून मटणाला तास लागतो तिथे माशाला मिनिटं पुरतात. मांसातली प्रथिनं चाळीस अंशांपासूनच घट्ट व्हायला लागतात. साठीच्या जवळ मासा शिजलेला असतो. अमेरिकी सरकारी सल्ला ६३ अंशांचा आहे. त्यापुढे प्रथिनं आवळत जातात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. चरबी कमी असलेल्या पांढऱ्या माशाकडे ही चूक झाकायला काही नसतं. बांगडा दोन मिनिटं जास्त राहिला तरी तेलाने तरतो, तांबोशीचा तेवढ्यात भुगा होतो.

तापमापक नसला तरी चालतं, तुकडीच्या कडेकडे बघत राहायचं. कच्चं मांस काचेसारखं थोडं आरपार दिसतं. तव्याला टेकलेल्या बाजूने ते दुधाळ होत जातं आणि ही दुधाळ रेघ कडेने हळूहळू वर चढताना स्पष्ट दिसते. ती दोन तृतीयांश उंचीवर आली की उलथायचं. दुसरी बाजू पहिलीच्या निम्म्या वेळात होते. दोन सेंटीमीटर जाडीच्या तुकडीला पहिल्या बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, दुसरीला दीड-दोन. सुरीचं टोक मधोमध हलकेच फिरवलं आणि पाकळ्या सुट्या झाल्या, पण अगदी गाभ्यात अजून किंचित ओलसर चमक असली, की तवा उतरवायचा. आतली उष्णता उरलेलं काम ताटलीपर्यंत पुरं करते. वरच्या अंगावर पांढरे घट्ट थेंब जमायला लागले तर आच जास्त झाली किंवा वेळ जास्त झाला, असं समजावं. पाण्याबरोबर बाहेर पडलेलं ते प्रथिन असतं.

लिंबाची वेळही इथेच सांभाळायची. समुद्री माशांच्या अंगात खाऱ्या पाण्याशी तोल राखणारं ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, तोच तो ‘माशाचा वास’. आम्लाशी संयोग झाला की हे द्रव्य हवेत उडेनासं होतं आणि वास दबतो. मीठ, हळद आणि लिंबू किंवा आगळ चोळून ठेवण्याची आपली रीत त्यामुळे शास्त्राला धरून आहे. पण पांढऱ्या माशाच्या तुकड्या तासभर लिंबात ठेवल्या तर आम्लाने वरची प्रथिनं न शिजवताच घट्ट होतात. पेरू देशातला सेविचे हा पदार्थ याच गुणावर उभा आहे. तव्यावर जाणाऱ्या माशाला मात्र त्याने पिठूळपणा येतो. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मग टिपून कोरडा करायचा, कारण ओला मासा आधी वाफवला जातो आणि खरपूस व्हायची वेळ येईपर्यंत आतून संपलेला असतो.

मसाल्याला आच किती द्यावी, याचा टोकाचा धडा न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम यांनी घालून दिला. १९७९ मध्ये त्यांनी पत्नीसह ‘के-पॉल्स लुइझियाना किचन’ सुरू केलं. तिथला ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ पुढच्या काही वर्षांत अमेरिकाभर गाजला. माशाची तुकडी वितळलेल्या लोण्यात बुडवायची, दोन्ही बाजूंनी मसाल्यात घोळवायची आणि धगधगत्या बिडाच्या तव्यावर टाकायची. लोणी आणि मसाला मिळून गडद, जवळजवळ काळं कवच होतं आणि आत मासा मऊ राहतो. त्याची नक्कल इतक्या ठिकाणी झाली की मेक्सिकोच्या आखातात रेडफिशवर अतोनात ताण आला आणि १९८० चं दशक संपण्याआधीच केंद्राच्या हद्दीतल्या पाण्यात त्याची व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. एका पाककृतीने एका माशाला संकटात आणल्याचं हे उदाहरण पापलेटावर जीव टाकणाऱ्या आपण विसरू नये. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा घोषित केलं, त्यामागेही घटत्या मासळीची काळजी होती.

प्रुडोम यांच्या पद्धतीने घरात धुराचे लोट उठतात, तेवढी धग घरी नको. पण तत्त्व तेच घ्यावं. जिरं, धणे, मिरी, मिरची यांचा सुवास ज्या द्रव्यांत असतो ती बहुतांशी तेलात विरघळणारी. कोरडी पूड भुरभुरली तर ती तोंडात कच्ची, मातकट लागते. तेलात कालवून तव्याला टेकवली की मिनिटभरात खुलते. चार तुकड्यांना चमचाभर जिरेपूड, चमचाभर धनेपूड, चमचाभर काश्मिरी तिखट, अर्धा चमचा मिरपूड, पाव चमचा हळद, मीठ आणि हे सगळं ओलसर होईल इतकं तेल. जिरं आधी भाजून घेऊ नये; तव्यावर ते दुसऱ्यांदा भाजलं जाऊन कडवट होतं. मालवणी मसाला वापरायचा असेल तर तो आधीच भाजलेला असतो हे लक्षात ठेवून आच थोडी कमी ठेवावी. गरम मसाला मी यात घालत नाही, लवंग-दालचिनी फळाच्या वासावर कुरघोडी करतात. रव्याचं कवच आपल्याला प्रिय असलं तरी साल्साचा रस लागला की ते दोन मिनिटांत भिजून जातं. रवा हवाच असेल तर साल्सा वाटीत वेगळा ठेवावा.

तवा बिडाचा असावा, नसेल तर जाड लोखंडी. तो नीट तापल्याशिवाय मासा टाकू नये. माशाची प्रथिनं थंड धातूला घट्ट चिकटतात. तापलेल्या, तेल फिरवलेल्या तव्यावर आधी कवच धरतं आणि मग तुकडी आपोआप सुटते. सुटत नसेल तर कालथ्याने खरवडू नये, अर्धा मिनिट थांबावं.

फळाकडे येऊ. साल्साला पूर्ण पिकलेला आंबा नको आणि कैरीही नको. पाडाचा आंबा हवा. बाठीजवळ पिवळा झालेला, सालीकडे अजून कडक, गोडीत आंबटपणा शिल्लक असलेला. तोतापुरी यासाठी फार चांगला, केशर जरा कडक असताना चालतो. पिकलेला हापूस कृपा करून चिरू नये, मिठाचा कण लागताच त्याचा लगदा होतो. अमेरिकेतल्या मराठी घरांना तर हे सांगावंच लागत नाही. २००७ मध्ये नाशिकजवळच्या लासलगावच्या केंद्रात विकिरण करून भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेत जाऊ लागला, पण हापूसची पेटी तिथे इतकी महाग पडते की तिची फोडही कुणी मिरचीत घालत नाही. त्यांनी हेडनच्या वंशजांनाच हाताशी धरावं, ते याच कामाचे.

फोडी साधारण सेंटीमीटरभर चौकोनी. त्याहून बारीक केल्या तर रस जास्त आणि चावायला काही नाही. मोठ्या केल्या तर त्या माशावरून घरंगळतात आणि एका घासात सगळं मिळत नाही. दोन वाट्या फोडींना अर्धा लाल कांदा अगदी बारीक चिरून. कांदा कापला की पेशी फुटतात आणि त्यातलं विकर गंधकाची उग्र द्रव्यं तयार करतं. म्हणून चिरलेला कांदा थंड पाण्यात खळबळून घ्यावा आणि मग लिंबाच्या रसात पाच मिनिटं ठेवावा. जांभळट कडांचा रंग गुलाबी होतो, उग्रपणा जातो, कुरकुरीतपणा राहतो. त्यात एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, आंब्याच्या फोडी. मीठ सगळ्यांत शेवटी. मीठ फोडींतलं पाणी बाहेर ओढतं. पहिली दहा मिनिटं हे पाणी उपकारक असतं, कारण लिंबू, मिरची आणि आंबा यांचा एकजीव रस त्यातून होतो. अर्ध्या तासानंतर मात्र फोडी लुळ्या पडतात आणि वाटीच्या तळाशी डबकं साचतं. म्हणून कांदा आधी, मीठ तवा तापत ठेवताना, असा क्रम.

अननस आणि पपई यांची गोष्ट वेगळी. अननसात ब्रोमेलेन आणि कच्च्या पपईत पपेन ही प्रथिनं तोडणारी विकरं असतात. किवीतही तसंच एक असतं. मटण मऊ करायला कच्ची पपई लावतात ती याचसाठी. माशाचं मांस इतकं नाजूक की त्याला ही मदत महागात पडते. कच्च्या अननसाच्या रसात मासा मुरवत ठेवला तर तव्यावर तो पेस्ट होऊन बसतो. साल्सा म्हणून अननस वापरायला हरकत नाही, फक्त तो वाढताना वर पडला पाहिजे. उष्णतेने ही विकरं निकामी होतात, त्यामुळे अननसाच्या चकत्या तव्यावर भाजून मग चिरल्या तर हा प्रश्न मिटतो. पण मग फळाला आच लागली आणि ताजेपणाचा अर्धा आनंद गेला.

हा ताजेपणा शोभेसाठी नसतो. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या संवेदकाला चिकटतं, तोच संवेदक सुमारे ४३ अंशांपुढची उष्णता ओळखतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधून काढला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. याचा अर्थ असा की गरम पदार्थातलं तिखट जास्त झोंबतं आणि गार घास त्या संवेदकाला शांत करतो. फळातली साखर चटका आणखी बोथट करते, लिंबाचं आम्ल तोंडाला पाणी आणतं. खरपूस, गरम, तिखट मासा आणि त्यावर गार, रसाळ, आंबट-गोड फोड एकाच घासात आली की दोन्ही चवी आलटून पालटून जाणवत राहतात. फळ शिजवलं असतं तर त्याची चटणी झाली असती. ती चवदार असते, पण मिरचीचा चटका शमवण्यात गारव्याचा जो वाटा असतो तो ती उचलू शकत नाही. त्यासाठी साल्सा फ्रिजमधून काढून थेट वाढला तरी चालतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात मासा आणि आंबा हे दोन्ही ताजे मिळण्याचे दिवस मात्र थोडे. आंबा पाडाला लागतो तो मार्च-एप्रिलपासून, आणि १ जूनपासून मासेमारी बंदी लागून यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात. मधले दोन-अडीच महिने या पदार्थाचे. बंदी उठून पुन्हा ताजी मासळी येते तेव्हा आंबा गेलेला असतो; मग थंडीत पिकायला आलेला पण कडक पेरू, डाळिंबाचे दाणे किंवा संत्र्याच्या सोललेल्या फोडी घ्याव्यात. पेरूला लिंबू थोडं जास्त लागतं, संत्र्याला कमी. सोबत गरम भात किंवा तांदळाची भाकरी, आणि हवी तर सोलकढी. नारळाच्या दुधातल्या स्निग्धांशात कॅप्सायसिन विरघळतं, म्हणून तीही तिखटावर उतारा.

साल्सा उरला तर दुसऱ्या दिवशी तो माशावर घालू नये, त्याच्या फोडी मेलेल्या असतात. कढल्यात मोहरी-मेथीची फोडणी करावी, त्यात तो रसासकट ओतून गुळाचा खडा टाकावा आणि मंद आचेवर दाट होईपर्यंत शिजवावा. भाकरीबरोबर दोन दिवस पुरतो.